पान सहाशे बारावरचं वाक्य

प्रिय मुली,

मागच्या पत्राची सुरुवात मी 'चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद' अशी ठोकून दिली होती. आशीर्वादाला जातंय काय, शाई थोडी जास्त लागते इतकंच. आज नुसतं 'प्रिय' लिहितोय, आणि तेवढंही लिहायचा आपल्याला हक्क उरलाय का, या विचारात सकाळचा चहा गार झाला. तू मला ओळखतेस. एका शब्दापायी मी चहाच काय, ताटातलं जेवणही गार करतो. तेव्हा जरा कळ काढ. पत्र लांबणार आहे, आणि माझ्या खोडीप्रमाणे मी मधेच शब्दांचा कीस पाडत बसणार आहे. पण या वेळी तो कीस तुझ्या कामाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच.

तुझी चिठ्ठी सोमवारी पोचली. इनमीन दोन ओळी. अप्पा, तुम्ही शब्द देत असाल तर येते. रविवारी त्याला पाठवा. डाव्या हाताने लिहिलेली दिसत होती, अक्षरं एकमेकांच्या अंगावर कलंडलेली. म्हणजे उजव्या मनगटाचं प्लास्टर अजून निघालेलं नाही. खोटं कशाला बोलू, वाचून मला हुश्श झालं. घर मोडत नाही, चारचौघांत बोभाटा होत नाही, झाकली मूठ झाकलेलीच राहते. चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि आमच्या बाब्याला फोन लावला, की बाबा रे, रविवारी अकरा वाजता तिच्या बहिणीकडे जा, नीट बोल, तिला घेऊन ये, आणि फुलंबिलं नेऊ नकोस, नाटकी दिसतं. मोठा तह घडवून आणल्याच्या थाटात मी फोन ठेवला. आज गुरुवार आहे. मधल्या दोन दिवसांत जे कळलं ते तुला रविवारच्या आत कळायलाच हवं. तू माझ्या शब्दावर त्या घरात परत पाऊल टाकणार आहेस, आणि तो शब्द किती पाण्यात आहे ते तुला ठाऊक नाही.

फोनच का केला नाही, म्हणशील. फोनवर मी फार गोड बोलतो, मुली. पाच मिनिटांत तुलाच माझी समजूत काढायला लावली असती. कागदावर निदान खोडलेलं दिसतं.

मंगळवारी सकाळी शब्दकोशाच्या कचेरीतून बोलावणं आलं. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, तिथलं कुणी माझी आठवण काढत नाही, आणि काढली तरी चांगली काढत नसणार. फोनवर खुद्द मुख्य संपादकबाई होत्या. या बाई पंधरा वर्षं माझ्या हाताखाली होत्या आणि माझ्याशी एकदाही हसून बोलल्या नाहीत. मी त्याला शिस्त समजायचो. कोशाची नवी आवृत्ती निघतेय, 'पुन्हा घडणे' या नोंदीतल्या एका वाक्याबद्दल कुणा शाळामास्तरांची तक्रार आली आहे, त्या कार्डावर तपासनीस म्हणून तुमची सही आहे, तेव्हा निर्णय तुम्हीच द्या, असं त्या म्हणाल्या. मी खुललो. म्हाताऱ्या माणसाला कुणी 'निर्णय द्या' म्हटलं की त्याची कंबर दुखायची थांबते. इस्त्रीचा शर्ट चढवला, तू केलेली कवळी बसवली आणि निघालो.

कवळीवरून आठवलं. ती तू तीनदा केलीस. पहिली टोचते म्हणून, दुसरी बोलताना खटखट वाजते म्हणून मी परत पाठवली, आणि तू एका शब्दाने न कुरकुरता तुमच्या दातांच्या प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबून तिसरी घडवलीस. तुझी ती छोटी कानस, ते गुलाबी मेण, डोळ्यापाशी धरून एकेक दात फिरवून बघायची तुझी तऱ्हा मी खुर्चीत बसून पाहिली आहे. गेली दोन वर्षं मी तुझ्या हातच्या दातांनी जेवतोय. त्याच हाताचं मनगट माझ्या मुलाने तीन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघरात पिरगळलं आणि मोडलं. आणि मी तुला काय लिहिलं? 'झाला प्रकार वाईट झाला, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.' हे लिहिलं, पत्र पेटीत टाकून आलो, कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, की अरे शहाण्या, तुझे दातसुद्धा तिचे आहेत.

तर कचेरी. लोखंडी कपाटं, त्यांतले लांबट खण, खणांत खचाखच कार्डं, आणि डिंकाचा तो जुना वास. दर शब्दाला एक कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, मग त्याचे भाऊबंद म्हणजे समानार्थी शब्द, आणि तळाला एक उदाहरणाचं वाक्य. वाक्यं लिहिणारी माणसं वेगळी, तपासणारा वेगळा. तपासणारा मी. लिहिणाऱ्यांत सगळ्यांत तरबेज तुझ्या सासूबाई. तुला त्या दोनच वर्षं लाभल्या, तेही आजारपणातल्या. त्यांचं काम तू पाहिलं नाहीस. आमचं लग्न जमलं तेही त्याच टेबलावर, कार्डांच्या देवघेवीत.

तपासायची माझी एक रीत होती, आणि ती मीच कचेरीत रूढ केली. वाक्यातला शब्द उचलायचा आणि त्याच्या जागी शेजारचा शब्द बसवून बघायचा. चपखल बसला तर वाक्य नापास, कारण मग त्या वाक्याने आपल्या शब्दाचं वेगळेपण दाखवलंच नाही. ताप उलटतो; भांडण उलटलं असं कुणी म्हणत नाही. दडपलेली गोष्ट डोकं वर काढते. अडचण पुन्हा उद्भवते. 'पुनरावृत्ती होणे' हा कडक इस्त्रीतला शब्द, अहवालात शोभतो, स्वयंपाकघरात कुणी काढला तर हसू येईल. अशी माझी अदलाबदल दिवसाला शंभर कार्डं चालायची. वाक्य काय सांगतंय ते वाचायचं नाही, शब्द बसतो का तेवढंच बघायचं. मजकूर वाचत बसलात तर वीस कार्डंसुद्धा उरकणार नाहीत, असं मी नव्या लोकांना बजावायचो. अभिमानाने बजावायचो, मुली.

संपादकबाईंनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं, मास्तरांचं पत्र बाजूला ठेवलं, आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कार्ड पिवळं पडलंय, तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची. निळ्या शाईत तुझ्या सासूबाईंचं ते बारीक, ताठ अक्षर. लाल शाईत मी. तिने पहिल्यांदा लिहिलं होतं: पुन्हा होणार नाही असं म्हटलं, आणि पुन्हा झालं. त्याखाली माझा लाल शेरा: कोण म्हणालं? कुणाला? वाक्य स्पष्ट करा. त्याखाली तिचं दुसरं वाक्य, आणि मी ते जसंच्या तसं उतरवतो, कारण कार्ड कचेरीबाहेर न्यायची परवानगी नाही आणि बाईंनी ती मलाही दिली नाही: 'पुन्हा होणार नाही' असं नवरा सहाव्यांदा म्हणाला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघणं सोडून दिलं. त्याच्या बाजूला परत मी: 'सहाव्यांदा'ऐवजी 'अनेकदा' चालेल का? आणि त्याखाली तिने उत्तर दिलंय. नाही. सहा. त्याखाली माझी बरोबरची लाल खूण आणि सही.

मास्तरांची तक्रारही तीच होती. 'सहाव्यांदा' हा आकडा विनाकारण नेमका आहे, 'अनेकदा' असावं.

ते सहा कुठले, ते मला तिथे बसल्या जागी कळलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी ते वाक्य वाचलं. सही करताना वाचलं नव्हतं. माझ्या बायकोने माझ्या टेबलावर, माझ्या हातात, माझ्याबद्दलचीच फिर्याद दिली, मी ती अस्पष्ट आहे म्हणून परत पाठवली, तिने ती स्पष्ट करून आणली, मी तिच्याशी आकड्यावरून हुज्जत घातली, आणि मग शब्द चपखल बसतोय म्हणून खूण केली. त्या दिवशी बहुतेक आम्ही एकाच डब्यातून जेवलोही असू. आणि ते वाक्य छापलं गेलं. हजारो प्रती गेल्या. बहुतेक घरांत तो कोश वाचायला नसतो, लहान मूल जेवायला बसवताना खुर्चीवर ठेवायला असतो. पण काही माणसं वाचतात. त्या मास्तरांनी वाचलं. बाईंनी तर कधीच वाचलं असणार, म्हणून त्या मला पाठमोऱ्या होत्या. वाचलं नव्हतं ते फक्त मी.

आता तुला सांगायचं ते. मी तुझ्या सासूबाईंना मारायचो. लिहिलं एकदाचं. तुला कधी संशय आला होता की नाही, कोण जाणे. तू घरात आलीस तेव्हा मी शब्दांचा कीस पाडणारा विनोदी सासरा होतो. पहिल्यांदा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. माझ्या एका मित्रासमोर तिने माझी एका शब्दाची व्युत्पत्ती दुरुस्त केली, ती बरोबर होती, मित्र गेल्यावर मी तिच्या कानाखाली वाजवली. मग पाया पडलो. पुन्हा होणार नाही म्हणालो. आणि इथे नीट वाच: मी खोटं बोलत नव्हतो. मला मनापासून वाटत होतं की होणार नाही. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी त्याला 'हात सुटला' म्हटलं. तिसऱ्यांदा 'डोकं फिरलं होतं'. एकदा 'तोल गेला', एकदा 'जरा ढकललं', एकदा तर 'तूच मधे आलीस'. शब्दांची कमतरता मला कधीच नव्हती. आणि दर वेळी वेगळा शब्द वापरला की मागच्याशी त्याचं नातंच उरत नाही, दर वेळी ते पहिल्यांदाच घडतं. कचेरीत मी समान शब्दांतला फरक शोधून पगार घेत होतो, घरी एकाच गोष्टीला सहा नावं देऊन सुटत होतो. मला कुणी शपथेवर विचारलं असतं, किती वेळा, तर मी म्हणालो असतो, दोनदा. फार तर तीनदा. तिने मोजलं होतं म्हणून कळलं, सहा.

बाई वळल्या आणि म्हणाल्या, मास्तरांना काय कळवू? मी म्हटलं, उद्या सांगतो.

घरी आल्यावर तुझी चिठ्ठी डबीतून काढून परत वाचली. 'तुम्ही शब्द देत असाल तर.' मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, पुन्हा होणार नाही, मी शब्द देतो. सातवी खेप ती माझी, असं मनाशी म्हटलं, फक्त या वेळी मुलाच्या वतीने. आणि संध्याकाळी बाब्याला फोन केला. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसलाच तो माझा. आजवर त्याला उलटून विचारलं नव्हतं की तू तिला काय केलंस. परवा विचारलं. तो म्हणाला, अप्पा, झालं ते चुकून झालं. किती वेळा, म्हटलं. दोनदा, म्हणाला. आकडाही माझाच होता. मग मी त्याला कार्डाचं सांगितलं. आईचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. आणि मग तो अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, सहा नाही अप्पा, सात. तुम्ही पुस्तक आलं त्या दिवशीचं धरलं नाहीत.

ते मी खरोखर विसरलो होतो. कोश प्रसिद्ध झाला त्या दिवशी कचेरीत छोटासा समारंभ होता. आमच्या त्या वेळच्या प्रमुखांनी प्रत्येकाला एकेक प्रत दिली. बाब्या अकरा वर्षांचा, तोही बरोबर होता. कुणीतरी तुझ्या सासूबाईंना विचारलं, तुमचं सगळ्यांत आवडतं वाक्य कोणतं, तर ती हसत सगळ्यांदेखत म्हणाली, पान सहाशे बारा वाचा. आणि माझ्याकडे बघून परत म्हणाली, तुम्हीसुद्धा वाचा. मला वाटलं ही माझ्यासमोर, साहेबांसमोर मिरवतेय. दुपारी घरी आलो, चपला काढायच्या आत मी तिला विचारलं की एवढा टेंभा कशाचा, आणि तिने काही उत्तर द्यायच्या आत हातातली ती प्रत तिच्या खांद्यावर मारली. हजार पानांचं पुस्तक, मुली. तिच्या खांद्याला त्यानंतर थंडीत कळ यायची ती त्याची. तुला तिने जुना संधिवात म्हणून सांगितलं असेल. आणि बाब्या आपली प्रत घेऊन दारात उभा होता. परवा फोनवर म्हणाला, अप्पा, मी गाडीतच पान काढून वाचलं होतं. आईने सांगितलं होतं ना सगळ्यांना.

म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने ते वाचलं, त्याला ते कळलं, आणि तासाभरात त्याने ते घडताना पाहिलं. तो म्हणाला, त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपण असं होणार नाही. म्हणाला, मीसुद्धा खोटं बोलत नाही हो अप्पा, मला खरंच वाटतं की होणार नाही. आणि हमसून हमसून रडला. मी विरघळलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. विरघळलो. बाप आहे. पण फोन ठेवल्यावर मला आठवलं, की मीही रडायचो. दर वेळी. सातही वेळा. त्याच नोंदीत 'कित्ता गिरवणे' हा शब्द तुझ्या सासूबाईंनी घातला होता आणि मी तो काढायला निघालो होतो, की बाई, इथे आपोआप घडणाऱ्या गोष्टी आहेत, हा माणसाने करायचा प्रकार, हा वेगळ्या खणातला. ती म्हणाली होती, राहू द्या, मुलं असलेल्या घरात लागतो. मी तेही वाद नको म्हणून राहू दिलं.

सातव्यानंतर पुन्हा झालं नाही. याचं श्रेय मी इतकी वर्षं मनातल्या मनात घेत आलो, की बघा, वयाबरोबर माणूस निवळतो. निवळतो कसला. दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावून मागच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली आणि मुलाला घेऊन तिथे झोपायला लागली. तू नवी नवी आली होतीस तेव्हा विचारलं होतंस, अप्पा, या खोलीला आतून एवढी जाड कडी कशाला? मी म्हटलं होतं, वाऱ्याने दार वाजतं. तुझ्या सासूबाई तिथेच बसून तुला लोकर गुंडाळून देत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा होणं थांबलं ते माझ्या शब्दाने नाही, त्या कडीने थांबलं. हे तुला सांगावं म्हणून तर सगळा हा प्रपंच.

काल बुधवारी मी परत कचेरीत गेलो. कार्ड मागितलं, लाल पेन मागितलं. 'सहाव्यांदा' याच्या खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'अनेकदा' चालणार नाही. सहाही नाही. सात. खाली पूर्ण नाव, तारीख आणि तपासनीस नव्हे तर नवरा म्हणून सही. बाईंनी ते वाचलं. त्यांचा चेहरा काही मऊ पडला नाही, आणि का पडावा. एवढंच म्हणाल्या, की नव्या आवृत्तीत दुरुस्ती जाईल, मास्तरांना मी कळवते. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिला हे कळायचा काही मार्ग नाही, आणि मला उगाच तसं मानून समाधान करून घ्यायचं नाही.

तर मुली, हे पत्र मी माफी मागायला लिहिलेलं नाही. ती जिची मागायची ती राहिली नाही. मी हे माझा शब्द परत घ्यायला लिहिलंय. 'पुन्हा होणार नाही' असं मी तुला जे लिहून दिलं, ते मी आज, शुद्धीत, परत घेतोय. होणार नाही हे मला माहीत नाही, आणि बाब्यालाही माहीत नाही, त्याला फक्त वाटतं. तो दोनदा म्हणतो. तुझा आकडा तुला ठाऊक असेल, तो कुणालाही, मलासुद्धा, कमी करू देऊ नकोस. त्याला मी जाऊ नकोस म्हणून सांगितलंय, पण तो म्हणतो की मी रविवारी जाणारच. म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे येतोय. तुझ्या बहिणीला सांग, मला आत घेतलं नाही तरी चालेल, एक खुर्ची दाराबाहेर ठेव. रविवारी अकरा वाजता तो येईल तेव्हा मी त्या खुर्चीत असेन. पुढे कधी कुणी साक्ष मागितली तर ती मी देईन, मुलाविरुद्ध आणि माझ्याविरुद्ध, आणि हे पत्र तू खुशाल दाखव. येताना सुताराकडून एक कडी आणतोय, चांगली जाड. तू जिथे राहशील त्या दाराला, आतून.

तुझाच,
आणि या वेळी वाचून सही करणारा,
अप्पा